चार दिवस सासूचे, चार दिवस शर्यतीचे

— अगं ए, ऐकलंस का?

— ऐकायला आधी तो आवाज थांबायला हवा ना, काकू! सकाळपासून नुसतं घुर्रर्र, घुर्रर्र चाललंय. बाळाला झोपवलं की दचकून उठतंय. थांबा, स्टूल घेऊन येते. या पत्र्याच्या कुंपणाची उंची ज्यानं ठरवली, त्याला शेजार नकोच असणार.

— मी केव्हाची उलट्या बादलीवर उभी आहे. आणि आवाजाचं म्हणशील तर आज गुरुवार, आज नुसता सराव. खरा दणका शनिवार-रविवारी. ॲडलेडच्या नॉरवुडमध्ये घर घेतलं म्हणजे वर्षातले चार दिवस आपले कान त्यांच्या नावावर!

— आम्हाला घर दाखवताना तो एजंट म्हणाला होता, अगदी शांत वस्ती आहे म्हणून.

— खोटं नाही बोलला. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस शांतच असते. पण मी हाक मारली ती वेगळ्याच कामासाठी. आपल्या मंडळातले ते… अगं ते, गणपतीत घड्याळ बघून आरती सुरू करतात ते! त्यांनी बायकोला सांगितलंय, शुक्रवारी दिवसभर ऑफिसात मीटिंग आहे, फोन लागायचा नाही. आणि आमच्या ह्यांनी त्यांना दुकानात टोपी आणि आवाज अडवणारं ते मोठं कर्णकवच घेताना पाहिलं.

— म्हणजे शर्यतीला चाललेत?

— मी काही म्हटलं नाही हं. तू म्हणालीस.

— कमाल आहे. पण काकू, मला एक कळत नाही. शर्यतीसाठी शहराबाहेर वेगळा ट्रॅक बांधावा ना! भर वस्तीतले रस्ते कशाला अडवायचे? काल बार्टेल्स रोडनं निघाले, तर समोर सिमेंटचे ठोकळे आणि त्यावर दोन पुरुष उंचीची जाळी. वळून आले तर ब्रिटानियाच्या चौकात गाड्यांची ही रांग.

— वेगळे ट्रॅक आहेत की. पण रस्त्यावरच्या शर्यतीची गोडी वेगळी. आता बघ, कर्नल लाइटनं १८३७ मध्ये हे शहर आखलं तेव्हा सभोवती बागांचा हिरवा पट्टा ठेवला. शहरातून बाहेर पडायचं तर तो पट्टा ओलांडूनच. त्यातलं पूर्वेचं व्हिक्टोरिया पार्क. तिथं पूर्वी घोडे पळायचे. आता पार्कात गाड्यांची सुरुवातीची सरळ पट्टी आणि दुरुस्तीचे गाळे. तिथून सेना ह्या चालकाच्या नावाचं वळण, मग वेकफील्ड रोड, मग ईस्ट टेरेसची काटकोनी वळणं, मग तुझा लाडका बार्टेल्स रोड, तिथून उजवीकडे डेकेटविल टेरेस आणि परत पार्कात. एक फेरी ३.२१९ किलोमीटरची. जुन्या मापानं बरोब्बर दोन मैल.

— डेकेटविल म्हणजे मी बाळाला डॉक्टरकडे नेते तो रस्ता?

— तोच. तू तिथं जरा पाय दाबलास तर दंडाची चिठ्ठी घरी येते. हे लोक तिथंच ताशी अडीचशेच्या आसपास जातात, आणि त्यांना वर करंडक! तेच तर बघायला लोक जातात. ज्या सिग्नलला आपण रोज जांभया देत उभे असतो, तिथून कुणीतरी न थांबता सुसाट जातंय, हे डोळ्यांनी बघण्यात काय सुख आहे ते तुला रविवारी कळेल.

— तुम्ही कधीपासून बघताय हे?

— लग्न होऊन आले तेव्हा इथं फॉर्म्युला वन होती. १९८५ ते १९९५, ऑस्ट्रेलियन ग्रां प्री आपल्याकडे. मोसमातली शेवटची शर्यत, त्यामुळे कधी कधी जगज्जेता कोण ते आपल्याच रस्त्यावर ठरायचं. १९८६ मध्ये त्या नायजेल मॅन्सेलचं विजेतेपद जवळजवळ पदरात पडलं होतं. डेकेटविलच्या सरळ पट्टीवर भरधाव जाताना मागचं चाक फुटलं, ठिणग्या उडाल्या, आणि विजेतेपद गेलं ॲलन प्रॉस्टकडे. सेना आयुष्यातली शेवटची शर्यत जिंकला तीही इथंच, १९९३ ला. पुढच्या मेमध्ये इटलीत तो गेला. म्हणून पहिल्या वळणाला त्याचं नाव.

— अरे देवा.

— आणि १९९५ ला मिका हॅकिनेनची गाडी पात्रता फेरीत भिंतीवर आदळली. श्वास बंद पडत होता. आपल्या इथल्या डॉक्टरांनी, तेही शर्यतीला स्वयंसेवक म्हणून आलेल्या, तिथंच रस्त्याच्या कडेला गळ्याला छेद देऊन श्वास सुरू केला. तोच मुलगा पुढे १९९८ आणि १९९९ ला जगज्जेता झाला. असं गाव आहे हे! नुसतं चर्च आणि वाइनसाठी ओळखतात लोक.

— मग एवढं सगळं असून फॉर्म्युला वन गेली कशी?

— जाते कशी? पळवली! मेलबर्नवाल्यांनी. त्यांचा तो जेफ केनेट, तिकडचा तेव्हाचा मुख्यमंत्री, गुपचूप बोलणी करून मोकळा. १९९३ च्या डिसेंबरात जाहीर झालं आणि इथं लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. १९९५ ची शेवटची शर्यत बघायला रविवारी दोन लाख दहा हजार माणूस लोटलं होतं. घरातली मुलगी सासरी पाठवावी तशी पाठवणी नव्हे हं, पळवून नेलेली! अजून इथल्या म्हाताऱ्यांसमोर मेलबर्नचं नाव काढून बघ.

— म्हणून मग ह्या गाड्या आणल्या?

— १९९९ पासून. फॉर्म्युला वनची ती लांबलचक उघड्या चाकांची गाडी तुझ्या दारात कधी उभी राहणार नाही. ह्या टूरिंग कार. बाहेरून आपल्या तुपल्या गाडीसारख्या, डोक्यावर छप्पर, दोन्ही बाजूंना दारं. मागे मोठा पंख मात्र असतो. पण आत? आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, एकच खुर्ची आणि पुढे आठ सिलिंडरचं इंजिन, सहाशेच्या आसपास अश्वशक्तीचं. तो तुला सकाळपासून ऐकू येतोय तो घुर्रर्र त्या आठ सिलिंडरांचाच.

— म्हणजे दिसायला साधी, आतून भलतीच. आमच्या नणंदेसारखी.

— शूऽऽ! ऐकेल कुणी. तर सांगत काय होते, शनिवारी अडीचशे किलोमीटर, रविवारी अडीचशे, म्हणून नाव पडलं ॲडलेड ५००. अठ्ठ्याहत्तर फेऱ्या एका दिवशी. पहिल्याच वर्षी क्रेग लाउंड्सनं काय केलं ठाऊक आहे? शनिवारी एका गाडीशी भिडला, शिक्षा म्हणून रविवारी सगळ्यांच्या मागे उभा केला. तिथून एकेकाला मागे टाकत पहिला आला. त्या दिवसापासून हे गाव ह्या शर्यतीवर लट्टू.

— भिंती इतक्या जवळ, मग पुढच्याला मागे टाकतात कुठं?

— डेकेटविल संपतं तिथल्या त्या घट्ट वळणावर. सरळ पट्टीवर मागच्यानं पुढच्याच्या आडोशाला चिकटून जायचं, वारा तो खातो, आपण वेग साठवायचा, आणि ब्रेक जरा उशिरा दाबून आत घुसायचं. दार दाराला घासतं. फॉर्म्युला वनमध्ये एवढा धक्का लागला तर चाकच निखळेल. इथं आरसा तुटतो, दार चेपतं आणि गडी पुढे जातो. तीच टूरिंग कारची मजा. गर्दीत कोपर मारून जागा करायची.

— आणि भिंतीला लागले तर?

— बाहेरच्या ट्रॅकवर चूक झाली तर वाळूत जातात, गवतात जातात. इथं चूक झाली की सिमेंट. बार्टेल्सवरून डेकेटविलला वळतात ना, ते आठवं वळण. ताशी दोनशेच्या वर वेग, आणि वळणाच्या तोंडाशी भिंत. थोडं कमी जास्त झालं की संपलं. भल्याभल्यांनी तिथं गाड्या फोडल्यात. २००८ मध्ये एका तरुण चालकाचा तिथल्या अपघातानंतर जीव गेला. त्याबद्दल मात्र कुणी गप्पा मारत नाही इथं. तेव्हा जाळी उंच का, ठोकळे एवढे जाड का, म्हणून कुरकुर करू नकोस. ते आपल्यासाठीच असतात.

— नाही करणार. पण काकू, ह्या उन्हात ते आत बसतात कसे? नोव्हेंबर संपत आलाय, माझी तर ओट्यापाशी उभं राहायची तयारी नसते.

— आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर जातं. अंगात आगीपासून वाचवणारा जाड पोशाख, डोक्यावर हेल्मेट. म्हणून आतून एक सदरा घालतात, त्यात बारीक नळ्या शिवलेल्या, त्यांतून गार पाणी फिरत राहतं. ती यंत्रणा बिघडली की बिचारा भाजून निघतो. शर्यत संपल्यावर काहींना धरून बाहेर काढावं लागतं. आपल्या इथला एक तरुण त्या कडेच्या स्वयंसेवकांत आहे, नारिंगी पोशाख, हातात झेंडे. त्याच्या आईनं अख्ख्या मंडळात सांगितलं की मुलाला सुपरकार्समध्ये, म्हणजे ह्या शर्यतवाल्यांकडे, नोकरी लागली.

— अय्या, मी तर तिचं अभिनंदन करून पेढे खाऊन आले!

— खाल्लेस ना? मग झालं. आणि काम काही कमी मोलाचं नाही हं. पुढे धोका दिसला की पिवळा झेंडा हाच मुलगा आधी हलवतो. फुकट राबतात ही माणसं उन्हात, म्हणून तर शर्यत होते. ते पेढे मी हक्काचेच मानते.

— माझ्या सासूबाई पुढच्या आठवड्यात येताहेत मंचरहून. हा गोंधळ बघून काय म्हणतील!

— अगं, त्यांना तर शनिवारची ती दहा जणांची फेरी सगळ्यांत आधी कळली असती. पहिल्या चाचणीत जे दहा जण वेगवान ठरतात, ते नंतर एकेकटे रस्त्यावर उतरतात. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, एक फेरी आणि घड्याळ. तुमच्या मंचरच्या घाटात बारी सुटते तशीच. एकच गाडा, समोर निशाण, आणि सेकंदाच्या हिशेबावर कोण घाटाचा राजा ते ठरतं. नुसते बैल तेवढे नाहीत. बाकी कडेला उभी राहून आरोळ्या ठोकणारी माणसं तीच.

— हे मी त्यांना सांगेन. बैलगाड्याचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात. पण काकू, मला वाटायचं हा सगळा पुरुषांचा कारभार.

— बऱ्यापैकी आहे. पण २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षं स्वित्झर्लंडची सिमोना डी सिल्व्हेस्ट्रो पूर्ण मोसम ह्या गाड्या चालवत होती, ह्याच भिंतींच्या मधून. आणि प्रेक्षकांत बघ, निम्म्या बायका. आपल्या समोरच्या घरातल्या आजी आहेत ना, त्या डोक्यावर होल्डनची टोपी घालून बसतात. नवरा होल्डनच्या कारखान्यात होता.

— एलिझाबेथच्या?

— हो, तिथंच. आता नीट ऐक, कारण हे समजलं नाही तर ह्या गावातलं काहीच समजत नाही. १८५६ मध्ये इथं ॲडलेडात होल्डन नावाच्या माणसानं घोड्यांच्या खोगिरांचा धंदा काढला. त्यातून पुढे गाड्यांचे सांगाडे, आणि १९४८ ला ऑस्ट्रेलियाची म्हणवली जाणारी पहिली होल्डन मोटार. फोर्डचे कारखाने मेलबर्नकडे, होल्डनचा इथं उत्तरेला एलिझाबेथला. मग घरंच्या घरं वाटली गेली. होल्डनच्या घरात फोर्डवाला जावई आला तर ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर अबोला! थट्टा नाही करत.

— आपल्याकडे जसं…

— नको, नावं घेऊ नकोस, मंडळात भांडणं लागतील. तर तो कारखाना २०१७ च्या २० ऑक्टोबरला बंद झाला. समोरचे आजोबा त्या दिवशी घरात बसून होते, कुणाशी बोलले नाहीत. २०२० च्या फेब्रुवारीत कंपनीनं सांगितलं, होल्डन हे नावच संपवतो. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथल्या सरकारनं जाहीर केलं, ही शर्यतही बंद.

— एकाच वर्षात दोन्ही?

— एकाच वर्षात. स्टीव्हन मार्शल तेव्हा मुख्यमंत्री. साथ आलेली, खर्च परवडत नाही, गर्दी कमी होतेय, अशी कारणं. कारणं खोटी नव्हती, पण लोकांना ती पटली नाहीत. सामानसुमान विकायलासुद्धा काढलं. तेवढ्यात विरोधी पक्षाचा पीटर मालिनाउस्कस म्हणाला, आम्हाला निवडून द्या, शर्यत परत आणतो. २०२२ च्या मार्चात निवडणूक झाली, मार्शल गेले, मालिनाउस्कस आले.

— शर्यतीवर सरकार पडलं?

— नुसतं शर्यतीवर नाही गं. दवाखान्यांबाहेर ताटकळणाऱ्या रुग्णवाहिका हा मोठा मुद्दा होता. पण हाही होता. आणि डिसेंबरात शर्यत झालीसुद्धा. आता पूर्वीसारखी मोसमाची पहिली नाही, शेवटची. होल्डन गाड्यांची तीच शेवटची शर्यत. शनिवारी चॅझ मॉस्टर्ट जिंकला, होल्डनमध्ये. रविवारी ब्रॉक फीनी जिंकला, तोही होल्डनमध्ये. वीस वर्षांचा पोरगा! समोरचे आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडले असं आजींनीच मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

— मी कशाला सांगू? मग आता आजोबा कुणाच्या बाजूनं?

— तीच तर पंचाईत! आता मैदानात फोर्डची मस्टँग आणि शेवरोलेची कमारो. २०२६ साठी टोयोटानंही नाव नोंदवलं. आजोबा म्हणतात, शेवरोले म्हणजे होल्डनच्या घरातलीच, तेव्हा तिला टाळी. आजी म्हणतात, ती काही एलिझाबेथला बनत नाही, तिला कसली टाळी. दोघं एका बाकावर बसून दोन वेगळ्या गाड्यांना आरोळ्या देतात.

— आणि त्या फीनीचं पुढे काय झालं?

— बिच्चारा! २०२५ पासून विजेतेपदासाठी बाद फेऱ्यांची पद्धत आणली. वर्षभर सगळ्यांत जास्त शर्यती फीनी जिंकला. शेवटच्या आठवड्यात इथंच, ह्याच रस्त्यांवर, घास तोंडाशी आला आणि विजेतेपद मॉस्टर्ट घेऊन गेला. अर्धं गाव म्हणालं, हा अन्याय. अर्धं म्हणालं, नियम सगळ्यांना एकच. माझं मत विचारशील तर वर्षभर अभ्यास करणाऱ्याला एका तोंडी परीक्षेत नापास करू नये. पण शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला राहिला, तिकिटं खपली, हेही खरं.

— काकू, तुम्ही तर सगळा हिशेबच ठेवलाय!

— ठेवावा लागतो. रस्ते अडवतात म्हणून पहिली बोटं मोडणारी मीच होते. दर वर्षी कित्येक आठवडे आधी ठोकळे येतात, बस भलतीकडून जाते, पार्कात फिरायला जायची वाट बंद. हवाई दलाची विमानं घरावरून गेली की कपाटातल्या कपबशा वाजतात. नगरपालिकेला पत्र लिहिणारे शेजारीही आहेत आपल्या गल्लीत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. बागा सगळ्यांच्या, मग त्या तिकिटाच्या कुंपणात का जाव्यात, हा प्रश्न रास्तच आहे.

— मग तुमचं मत?

— माझं मत असं की ज्या गावातून फॉर्म्युला वन गेली, मित्सुबिशीचा कारखाना गेला, होल्डन गेली, त्या गावानं मोटारीचा एवढा एक उत्सव हट्टानं मागून घेतला, तर त्याला आडवं येऊ नये. मात्र सरकारनं ठोकळे वेळेवर उचलावेत, आणि पार्कातलं गवत जसं होतं तसं परत करावं. तेवढं झालं नाही तर पत्र लिहायला मी पहिली.

— अहो, पण त्या मीटिंगवाल्या गृहस्थांचं काय? बायकोला सांगायचं का?

— तिला काय सांगतेस! तिचाच सकाळी फोन होता. म्हणाली, काकू, शुक्रवारी मी माझ्या मैत्रिणींबरोबर शर्यतीला चाललेय, ह्यांना सांगू नका, त्यांची बिचाऱ्यांची मीटिंग आहे.

— काय सांगता! आणि दोघं एकाच गॅलरीत समोरासमोर आले म्हणजे?

— आले तर दिवाळीचे फटाके उशिरा फुटल्यासारखं होईल, दुसरं काय. आपण कशाला मध्ये पडायचं? बरं, रविवारी चल माझ्याबरोबर. गाडी अजिबात काढू नकोस, पार्किंग मिळायचं नाही. आपण पायी जाऊ. बाळाला कर्णकवच घाल, लहान मुलांचं वेगळं मिळतं, कापसाच्या बोळ्यांवर भागवू नकोस. टोपी, पाण्याची बाटली आणि ऊन लागू नये म्हणून मलम, तिन्ही विसरू नकोस. बसायला आठव्या वळणाची जागा लोक सांगतील, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं डेकेटविलच्या टोकाचं वळणच धरावं. पुढच्याला गाठणं, ब्रेक लावणं, धक्काबुक्की, सगळं तिथंच दिसतं. आणि दशम्या मी करते, तू फक्त लोणचं आण.